काचेआडचं कन्यादान

हॉलिस टॅकेटने अंगठी काढली असती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण पदवीच्या वेळी घेतलेली कॉलेजची अंगठी टेक्सासचा माणूस आंघोळीलाही काढत नाही, मग चंद्राच्या मातीसाठी कशाला काढेल? काचपेटीला जोडलेल्या लांब रबरी मोज्यांत हात घालून तो त्या मातीची ताटली सरकवत होता. अंगठीचा खडा अडकला, मोजा टर्रकन फाटला आणि माती बोटाला लागली. लगेच भोंगा वाजला. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

चंद्रावर रोगजंतू आहेत की नाहीत, हे १९६९च्या त्या उन्हाळ्यात ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे नियम कडक होता. माती लागली की माणूस कोंडायचा. हॉलिस आत गेला आणि दार बंद झालं. बाहेरच्यांशी बोलायचं ते जाड काचेतून, तिथे बसवलेल्या माइकवर.

"डॉक्टरसाहेब, शनिवारी माझ्या पोरीचं लग्न आहे हो!"

"मग अंगठी काढायची होतीस," डॉक्टर प्रूइट म्हणाले. पण माणूस वाईट नव्हता. "हे बघ, तीच माती आम्ही पांढऱ्या उंदरांना टोचली आहे. शुक्रवारपर्यंत ते ठणठणीत राहिले, तर तू सुटलास."

बायको, व्हर्ना, तणतणतच आली. "चंद्रावर गेले त्यांना कोंडलं, ते समजू शकते मी. तू तर इथल्या गॅल्व्हेस्टनच्या खाडीतल्या बोटीतसुद्धा बसत नाहीस!"

"लग्न पुढे ढकलू या का?"

"कसं ढकलणार? रॉइस सोमवारी व्हिएतनामला निघालाय."

जावई लढाईवर चालला होता, पोर एकुलती एक होती आणि सगळं उंदरांच्या तब्येतीवर येऊन ठेपलं होतं.

बुधवारच्या प्रार्थनेला व्हर्ना चर्चमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "उंदरांसाठी प्रार्थना करा." लोकांना वाटलं, लग्नाच्या घाईत बाईचं डोकं फिरलं. कारण कळल्यावर मात्र, एरवी उंदीर दिसला की झाडू घेऊन धावणाऱ्या बायांनी डोळे मिटून त्यांना उदंड आयुष्य मागितलं.

गुरुवारी एक उंदीर खाईनासा झाला. त्याचं पोट फुगलं आणि तो कागदाचे कपटे गोळा करून कोपऱ्यात बसून राहिला. झालं! हाच तो चंद्राचा रोग, म्हणून डॉक्टरांची धावपळ उडाली, कुणीतरी थेट वॉशिंग्टनला फोन लावला. हॉलिसला आपलंही पोट फुगल्यासारखं वाटू लागलं.

शुक्रवारी सकाळी प्रूइट काचेपाशी आले ते कान लाल करूनच.

"हॉलिस, उंदीर व्याला."

"काय?"

"म्हणजे, उंदरी होती ती. आम्ही सगळे नर मागवले होते. बाळंतीण मजेत आहे, पिल्लंही गुटगुटीत."

"अहो, मग सोडा ना मला!"

"तिथेच तर गोम आहे. आता पिल्लांवरही लक्ष ठेवावं लागणार. आणखी आठवडाभर तरी."

डोंगर पोखरून उंदीर काढलेला लोकांनी पाहिला होता. यांनी चंद्र पोखरला, आणि निघाला उंदीरच, तोही लेकुरवाळा! हॉलिस खुर्चीत बसला आणि कुणाची पर्वा न करता रडला.

दुपारी त्याची मुलगी, नॅडीन, आली. "डॅडी, तुला बाहेर येता येत नाही ना? मग आम्हीच येतो. पाद्रीबाबा तयार आहेत."

शनिवारी काचेबाहेर खुर्च्या मांडल्या. हॉलिसने व्हर्नाने आत पाठवलेला सूट घातला. बूट पाठवायचे ती विसरली होती, त्यामुळे खाली रबरी चपला. काचेच्या त्या बाजूने नॅडीन, या बाजूने बाप, असे दोघं पाऊल जुळवत चालले. शेवटाला त्याने काचेवर तळवा टेकवला. पलीकडून नॅडीनने तिथेच आपला तळवा टेकवला आणि मग तोच हात रॉइसच्या हातात दिला.

आता वधूवरांनी पाद्रीबाबांकडे तोंड करायचं. पण माइक काचेला पक्का बसवलेला. हॉलिसला शपथा ऐकू जायच्या, तर दोघांनी काचेकडेच तोंड करायला हवं होतं. म्हणून पाद्रीबाबा बिचारे अंग चोरून कडेला उभे राहिले आणि लग्न लागलं.

सगळे केक खायला उठल्यावर व्हर्ना माइकपाशी आली. डोळे सुजलेले, पण आवाज तोच.

"जन्मापासून वेण्या घातल्या मी तिच्या. आणि आज पहिल्या रांगेत बसून मला काय दिसलं? तिची पाठ! तुला दिसला का रे तिचा चेहरा?"

"अगं, सगळा दिसला! चर्चमध्ये असतो, तर तिला सोपवून मीही तुझ्याशेजारी येऊन पाठच बघत बसलो असतो." हॉलिस काचेजवळ सरकला. "देवाचे उपकार गं, व्हर्ना. अन् त्या उंदरीचेही."

"'हो' म्हणताना रडली?"

"नाही. आधी खालचा ओठ चावला. मग रॉइसकडे बघितलं, आणि अशी हसली, अशी..."

व्हर्नाने खुर्ची ओढून काचेला चिकटवली. "थांब. पहिल्यापासून सांग. आणि काही गाळू नकोस."