हिवाळी टायरवाले सबनीस

आमच्या इमारतीतले सबनीस रोज सकाळी कामावर निघताना रस्त्याला हात लावतात. देवाला लावावा तसा नव्हे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. हातमोजा काढायचा, उकिडवं बसायचं, तळवा डांबरावर टेकवायचा, मग तोच तळवा टायरवर. दोन्हीकडून समाधान झालं तर गाडी, नाहीतर मुकाट बसस्टॉप. वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनरनी मला एकदा हळूच विचारलं, ही तुमच्या धर्मातली भूमिपूजा का? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी तस्संच. त्यांचं समाधान झालं आणि माझी सुटका झाली.

सबनीस मूळचे सांगलीचे, आता कितीतरी वर्षं जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचे. ताकदवान गाड्यांची चाकं थंडीत जागच्या जागी गरगरू नयेत म्हणून जी यंत्रणा असते, तिच्यावर त्यांचं पोट. दर हिवाळ्यात कंपनी त्यांना उत्तरेकडे गोठलेल्या तळ्यावर पाठवते. तिथे ते दुसऱ्यांच्या महागड्या गाड्या मुद्दाम घसरवतात आणि वर त्याचा पगार घेतात. स्वतःची गाडीही तसलीच. लाल, दोघांपुरती, सगळा जोर मागच्या चाकांवर. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, लोक असल्या गाडीला घाबरून वाट देतात. सबनीस ती काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तशी नेतात.

का, म्हणून विचारायची सोय नाही. विचारलंत की ते तुम्हाला तळहात पुढे करायला लावणार. "बघा. एक टायर रस्त्याला टेकतो तो एवढाच. इंजिनात घोडे पाचशे आणि तळहात चार." मग थंडीत उन्हाळी टायरचं रबर कसं कडक होतं, रुंद टायर ताज्या बर्फावर कसा तरंगतो, हे सगळं आलंच. शेवटी ठरलेलं वाक्य: "इलेक्ट्रॉनिक्स घसरणं आवरतं हो, पण पकड तयार करत नाही. पकड रबराची." हे वाक्य मी बारशात ऐकलंय, डोहाळजेवणात ऐकलंय आणि एकदा सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घेऊन उभ्या उभ्या ऐकलंय.

इथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर लावतात. सबनीसांनी त्याचं परस्पर मराठीकरण करून टाकलंय, दिवाळी ते गुढीपाडवा. दसरा झाला की गावातल्या प्रत्येक मराठी घरी त्यांचा फोन जातो. फराळाला बोलावलं तर ते आधी पार्किंगमध्ये जातात आणि एक युरोचं नाणं प्रत्येकाच्या टायरच्या खाचेत उभं धरतात. नाण्याची सोनेरी कड खाचेत बुडाली तर तुम्ही पास. कड दिसली तर वर येऊन चारचौघांत तुमची किल्ली मागून घेतात. माझ्या नवऱ्याची एकदा घेतली होती. तो ट्रामनं—छे, रेगेन्सबर्गला ट्राम आहे कुठे—बसनं तोंड पाडून घरी आला आणि दोन दिवस माझ्यावर चिडला होता.

सबनीसांची बायको, सुनंदावहिनी, इथे असताना हे सगळं हसण्यावारी जायचं. पण त्यांची आई अंथरुणाला खिळली आणि वहिनी सांगलीला गेल्या, त्या अजून तिथेच आहेत. त्यांची मुलगी केतकी सव्वा तासावरच्या उंटरश्लाइसहाइमला नोकरी करते. बापलेकीचं बोलणं आजवर वहिनींच्या मार्फत चालायचं. आता सबनीस स्वतः फोन करायचे, टायर बदललेस का विचारायचे, ती 'जा, बाबा' म्हणायची, जर्मन 'जा', म्हणजे 'हो', आणि फोन संपायचा.

तिनं नवीन घर घेतलं तेव्हा बाबांना जेवायला बोलावलं. पारा उतरला आणि सबनीसांनी बेत रद्द केला. वाढदिवसाला बोलावलं, बर्फाचा अंदाज आला, पुन्हा रद्द. सगळ्यात चांगला ब्रेक म्हणजे घरी बसणं, हा त्यांचा सिद्धांत. ट्रेननं जाता आलं असतं, पण स्टेशनपर्यंतचा फुटपाथही निसरडा असतो म्हणे. यंदा केतकीनं मला फोन केला. निम्मं जर्मन, निम्मं मराठी, पण अर्थ स्वच्छ होता. नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी ती बाबांना शेवटचं बोलावणार होती. या खेपेला आले नाहीत तर पुन्हा कधी नाही.

मी ते सबनीसांना जसंच्या तसं सांगून टाकलं. असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत. ते नुसतं 'आल्झो', म्हणजे 'बरं तर', म्हणाले आणि जिना चढून गेले.

त्या रविवारी उठून बघते तर बाहेर सगळं पांढरं. ट्रेन रद्द. आमची गाडी नवऱ्याकडे, आणि नवरा न्यूर्नबर्गला. केतकीनं बापाला मेसेजही करून टाकला होता, रस्ता वाईट आहे, नको येऊस. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात सबनीस, हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा.

"वैशाली, तू चल माझ्याबरोबर. एकटा गेलो तर मी पुन्हा टायरवरच बोलेन."

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, दाराशी झोपलेल्या माणसाला ओलांडावं इतक्या हळू निघाली. डॅशबोर्डवरचा घसरणीचा पिवळा दिवा लुकलुकत होता. सव्वा तासाच्या रस्त्याला तिप्पट वेळ लागला. मालट्रक आम्हाला मागे टाकून जात होते, आणि त्यांचे ड्रायव्हर त्या लाल गाडीकडे वाकून वाकून बघत होते. वाटेत सबनीसांनी मला विचारलं, मुलींना काय विचारायचं असतं? मी म्हटलं, झोप लागते का, एकटं वाटतं का, ऑफिसात कुणी छळत नाही ना. ते पाढे म्हणावेत तसं पुटपुटत राहिले.

एका चढावर गाडीचा मागचा भाग सुटला. मी सीट धरून बसले. सबनीसांनी ब्रेकला पाय लावला नाही. जिकडे जायचं होतं तिकडे बघत राहिले, स्टिअरिंग जरासं वळवलं, आणि गाडी शहाण्यासारखी सरळ झाली. एवढं निवांत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पुढे उंटरश्लाइसहाइमची पाटी आली तेव्हा मात्र त्यांनी गाडी आणखीच हळू केली. मी म्हटलं, रस्त्याची भीती वाटते का?

"नाही गं. रस्ता मला येतो."

केतकीनं दार उघडलं. सबनीस तिच्यासमोर उभे, आणि पाठ केलेलं सगळं साफ विसरलेले. तीच बोलली, जरा रागानंच.

"नको येऊस म्हणाले होते ना, बाबा? कशाला आलास असल्या रस्त्यानं?"

"घरी बसलो असतो तर तू परत बोलावलं नसतंस," सबनीस म्हणाले. "मला त्याची जास्त भीती वाटली."

बर्फानं भरलेल्या बुटांसकट केतकीनं त्यांना आत ओढलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी खिचडीचा डबा घेऊन जिन्यात उभी. मला आत बोलवायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि मला त्याचा जराही राग आला नाही.