दाबलं की थांबतं

"दादा कधी येणार आहेत?" शोरूममधल्या विक्रेत्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"कुठले दादा?" वन्संनी विचारलं.

"म्हणजे, गाडी चालवणार ते."

"गाडी आम्ही चालवणार!" वन्सं म्हणाल्या, आणि अशा आवाजात म्हणाल्या की पलीकडच्या टेबलावर सही करत असलेल्या गृहस्थांचं पेन अडलं. त्याला इलाज नव्हता. वन्सं शाळेत खेळाच्या बाई होत्या. चोवीस वर्षं मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला बोलून बोलून त्यांना जवळच्या माणसाशी बोलायची सवयच राहिली नव्हती.

विक्रेत्याने मग आशेने त्यांच्या वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणजे टेलरबाई. गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. वन्सं जेवढ्या उंच, तेवढ्याच या ठेंगण्या. टेलरबाई त्या वेळी गुडघ्यांवर बसून एका मोटारसायकलच्या सीटची शिवण निरखत होत्या.

"टाका लांब पडलाय," त्या म्हणाल्या. "आणि कोपऱ्याला दुहेरी शिवण नाही. दोन महिन्यांत उसवेल ही. पुढची दाखवा."

"मॅडम, इंजिन बघा ना इंजिन!"

"इंजिन आत आहे, ते काय दिसणार? शिवण बाहेर आहे. चारचौघांना दिसणारं काम ज्याने असं उरकलंय, त्याने आत काय दिवे लावले असतील?"

विक्रेत्याने पुढची दाखवली. चार गाड्या शिवणीत नापास झाल्या. पाचवी, लाल रंगाची, पास झाली. वन्संनी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहून, ती सरळ उभी राहते की नाही तेवढं पाहिलं आणि मान डोलावली. अशा रीतीने इंजिनाचं नावही न काढता त्या घरात मोटारसायकल आली.

ती यायचं कारण वन्संची बदली. नवी शाळा अकरा किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर. मुलं कवायतीला साडेसहाला हजर, आणि तिकडे जाणारी पहिली बस सकाळी नऊला. शाळेने कळवलं होतं की आवारात बाईंसाठी एक खोली रिकामी आहे, हवी असल्यास शनिवारपर्यंत सांगावं. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

घरात माणसं दोनच. टेलरबाईंचे यजमान, म्हणजे वन्संचे थोरले भाऊ, जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून या दोघी एका छपराखाली भांडत आनंदात राहत होत्या. पंखा दोनवर की तीनवर, खिडकी उघडी की बंद, कशावर म्हणून एकमत नव्हतं. पण संध्याकाळी वन्संच्या यायच्या वेळेला टेलरबाईंचं मशीन आपोआप बंद पडायचं आणि कान दाराकडे लागायचे. वन्सं टेकडीवर राहायला गेल्या, तर संध्याकाळी मशीन कुणासाठी थांबवायचं, या विचाराने टेलरबाईंचा जीव तुटत होता. पण दोघी फक्त गाडीबद्दल बोलत राहिल्या.

शिकाऊ परवाने मिळायला वेळ लागला नाही. लेखी परीक्षेत दोघींना पैकीच्या पैकी पडले. आता घोडामैदान जवळच होतं, म्हणजे बाटल्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यामागे. शिकवायला बाहेरचं माणूस आणायचा प्रश्नच नव्हता. वन्संना स्वतःला पोहता येत नव्हतं, पण काठावर उभं राहून त्यांनी तीनशे मुलांना पोहायला शिकवलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण वन्संच्या सगळ्या शेळ्या तरल्या होत्या, हेही कबूल करायला हवं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि रुजू व्हायच्या आठवडाभर आधी, सोमवारी संध्याकाळी पहिल्यांदा स्वतःच गाडीवर बसल्या.

गाडी सुरू झाली, चार हात पुढे गेली, आणि वन्सं तिच्यावरून उडी मारून बाजूला उभ्या राहिल्या. गाडी एकटीच थोडी पुढे जाऊन आडवी झाली.

"उतरलात कशाला?" टेलरबाई ओरडल्या.

"धोका दिसला की उडी मारायची! मी मुलांना हेच शिकवते."

"धोका कुठं होता?"

"गाडी हलत होती ना!"

चार संध्याकाळी हेच चाललं. शिट्टी तोंडात असल्यामुळे वन्संचा घाबरलेला एकेक श्वास मैदानभर ऐकू यायचा. गुरुवारी त्या गाडीशेजारी मातीतच बसल्या.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं गं वहिनी. मला पळता येतं. बसून पळता येत नाही."

त्या रात्री जेवणाआधीच माळ्यावरून ट्रंक खाली आली. वन्सं घडी घालून कपडे भरत होत्या आणि टेलरबाई मशीनवर बसून कुणाच्या तरी कोटाला उजवी बाही डावीकडे जोडत होत्या. उसवून पुन्हा जोडली तरी ती डावीकडेच.

शुक्रवारी सकाळी त्या म्हणाल्या, "वन्सं, मी शिकते."

"तू? तुझे पाय तरी पोचतात का?"

"मशीनवर कुठं पोचत होते? पाट ठेवला होता." आणि त्यांनी बूट पुढे केले. पहाटे उठून तळव्यांना तीन तीन थर रबर शिवलं होतं.

वन्संनी बूट उलटे करून पाहिले. मग शिट्टी घेतली. मागे वजन असलं की गाडी डुलत नाही असं त्यांना वाटलं, म्हणून भरून ठेवलेली ट्रंक मागच्या सीटवर चढवली आणि घरात भरपूर असलेल्या, परकराच्या रुंद इलॅस्टिकने करकचून बांधली.

आता इथे एक खुलासा करायला हवा. टेलरबाई अठ्ठावीस वर्षं विजेच्या मशीनवर बसत होत्या. त्या मशीनला उजव्या पायाखाली एक पट्टी असते. दाबली की मशीन चालतं, पाय उचलला की थांबतं. मोटारसायकललाही उजव्या पायाखाली एक पट्टी असते, पण ती ब्रेकची. दाबली की गाडी थांबते. डोक्याला हे पुस्तकातून समजलं होतं. पायाला कुणी सांगितलं नव्हतं.

टेलरबाईंनी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि पुढे जाण्यासाठी उजवा पाय मनापासून दाबला. गाडी बंद. पुन्हा सुरू केली, अजून जोरात दाबला. बंद. असं अकरा वेळा झालं.

"उजवा पाय काढ तो!" वन्सं गरजल्या. "त्या पायाला विसरूनच जा! आणि काही झालं तरी हातातली मूठ सोडायची नाही!"

टेलरबाईंनी दोन्ही आज्ञा अक्षरशः पाळल्या. गाडी चालू लागली. एक फेरी झाली, दुसऱ्या फेरीत दुसरा गिअर पडला. कापड सरळ रेषेत सरकवायची सवय असलेले ते हात, गाडी कशी दोरीत चालली होती! टेलरबाईंना हसू फुटलं.

"शाब्बास! थांब आता!" वन्संनी दोनदा शिट्टी वाजवली.

थांबायचं म्हणून टेलरबाईंनी उजवा पाय उचलला. तो आधीच उचललेला होता. त्यांनी आणखी वर उचलला. गाडी चाललीच. गुडघा हँडलला टेकेपर्यंत पाय वर गेला तरी गाडीला त्याचं काही नव्हतं. समोर मैदानाचं फाटक उघडं होतं. तिथून त्या बाहेर पडल्या आणि वन्सं शिट्ट्या वाजवत मागे धावल्या.

गल्लीत बँकेतले साहेब दारात उभे होते. "अहो टेलरबाई, माझी पँट?"

"उद्या!"

"कालही उद्याच म्हणालात!"

"मग परवा!" आणि टेलरबाई गेल्या.

कोपऱ्यावर पोस्टमन होता. ट्रंक पाहून त्याचा चेहरा पडला. "निघालात वाटतं कायमच्या?"

"मी नाही, त्या!" टेलरबाईंनी मानेने मागे खूण केली. मागे वन्सं जीव खाऊन धावत होत्या. पोस्टमनला त्यातून काय समजायचं ते समजलं, आणि दुपारपर्यंत नणंद-भावजयींचं फाटल्याची बातमी गल्लीभर झाली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वन्सं मागे पडल्या. किल्ली फिरवली की गाडी बंद होते, हे टेलरबाईंना आठवलं. पण किल्ली फिरवायला मूठ सोडावी लागणार, आणि मूठ सोडायची नव्हती. तेवढ्यात एक सायकलवाला सहज त्यांच्या पुढे गेला.

"अहो भाऊ, थांबायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यात कशाला थांबता? चढ लागला की बघा!" तो म्हणाला आणि गेलासुद्धा.

रस्ता एकच होता आणि तो टेकडीकडे जात होता. चढ लागला. गाडी धापा टाकू लागली, हळूहळू इतकी मंदावली की आता मागे घरंगळते की काय असं झालं. टेलरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन जाड कापडावर अडलं की काय करायचं? अठ्ठावीस वर्षांचं उत्तर पायातच होतं. त्यांनी उजवा पाय सगळ्या ताकदीनिशी दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली, आणि बंद पडली. समोर शाळेचं फाटक होतं.

"अगं बाई! दाबलं की थांबतं होय!" टेलरबाई मोठ्याने म्हणाल्या आणि कलंडू लागल्या. शिपाई धावत आला, त्याने एका हाताने गाडी धरली, दुसऱ्याने ट्रंक.

"नव्या खेळाच्या बाई ना?" मुख्याध्यापिका कौतुकाने पायऱ्या उतरत आल्या. "सामानासकट, आणि स्वतः गाडी चालवत! या, या. मला वाटलं होतं जरा उंच असाल."

टेलरबाईंचा श्वास अजून खाली बसायचा होता. तो बसेपर्यंत शिपायाने ट्रंक खांद्यावर घेतली आणि वऱ्हांड्याच्या टोकाची खोली उघडली. त्या मागोमाग गेल्या. खोली स्वच्छ होती. एक खाट, एक खुर्ची, एक खुंटी, आणि खिडकीत पालथा घातलेला एक कप. टेलरबाई त्या कपाकडे बघत राहिल्या. त्यांच्या वन्सं या खोलीत बसून मैदानाच्या टोकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात कुणाशी बोलणार होत्या? पंखा तीनवर ठेवायचा म्हणून कुणाशी भांडणार होत्या? त्यांचे डोळे भरून आले.

"ट्रंक खाली ठेवू नका," त्या शिपायाला म्हणाल्या.

"का हो? खोली पसंत नाही?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"खोली चांगली आहे. पण नको. खेळाच्या बाई म्हणजे माझ्या नणंदबाई. त्या रोज घरून येतील."

"साडेसहाला? कशाने?"

"माझ्या मागे बसून."

"तुम्हाला येते का चालवायला नीट?"

"आत्ता तुमच्यासमोर आले ना?" टेलरबाई म्हणाल्या. मग खोटं नको म्हणून पुढे म्हणाल्या, "थांबायला जरा वेळ लागला, तेवढंच."

नऊच्या बसने वन्सं आल्या. लाल चेहरा, अंगभर धूळ, शिट्टी मुठीत. फाटकातूनच त्यांनी आवाज दिला, "वहिनी! धड आहेस ना गं?"

"धड आहे!"

"मग थांबली का नाहीस?"

"मूठ सोडू नको म्हणालात ना!"

मुख्याध्यापिकांनी या उंच बाईंकडे पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं. "म्हणजे खेळाच्या बाई तुम्ही. खोलीचं काय ठरलं तुमचं? यांनी तर नको सांगितलं."

वन्संनी वहिनींकडे पाहिलं, मग वऱ्हांड्यात इलॅस्टिकसकट उभ्या असलेल्या आपल्या ट्रंकेकडे पाहिलं.

"वहिनी नको म्हणाली ना?" त्या म्हणाल्या. "मग नकोच." चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्या शेजारच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलल्या.

परतताना ट्रंक दोघींच्या मध्ये होती आणि वन्संचे हात ट्रंकेवरून पुढे येऊन वहिनींच्या खांद्यांवर घट्ट बसले होते. उतारावर टेलरबाईंनी पाय दाबून दाबून पाहिला. दर वेळी गाडी थांबली. दर वेळी त्या म्हणाल्या, "बघितलंत?" आणि वन्सं डोळे मिटून म्हणाल्या, "बघितलं." उडी मारायची जागाच नव्हती, त्यामुळे वन्सं अकरा किलोमीटर गाडीवर टिकल्या.

गल्ली आली. घर दिसलं. आनंदाच्या भरात पुस्तक विसरलं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने टेलरबाईंनी पाय उचलला. घर शेजारून निघून गेलं.

"वहिनी, घर गेलं!" वन्सं ओरडल्या. "घर मागे राहिलं गं!"

"राहू द्या वन्सं," टेलरबाई पुढे बघत म्हणाल्या. "ते कुठं जात नाही. आता तुम्हीही नाही. अजून एक चक्कर मारू."

वन्संनी दोनदा वाजवायला शिट्टी तोंडात धरली होती. ती त्यांनी काढली आणि खिशात ठेवून दिली.