स्थळ दिसत नाही

लग्न जुळण्यासाठी दोन्ही पक्ष आधी एकमेकांना दिसावे लागतात. हा नियम संगणकांनाही लागू आहे.

अमडापूरच्या अर्जुनरावांच्या वधू-वर सूचक केंद्रात दोन संगणक होते. जुन्यात विंडोज एक्सपी आणि सगळी मुले. नव्यात विंडोज अकरा आणि सगळ्या मुली. जुन्याला नवा दिसे, पण नवा त्याला आत घेत नसे. नव्याला जुना दिसतच नसे. (तालुक्यातली सर्वसाधारण परिस्थिती याहून फार वेगळी नाही.)

उपाययोजना रीतसर झाली. दोन्ही यंत्रे बंद करून चालू केली. आधी जुने, मग नवे, मग उलट. नव्याने पासवर्ड मागितला, जो कुणी कधी ठेवलाच नव्हता. अर्जुनरावांच्या पत्नी विमलबाईंनी दोघांना कुंकू लावले. त्याने दिसण्यात फरक पडला, जोडणीत नाही.

अखेर चिखलीहून दुरुस्तीवाला आला.

"नव्याले जुन्याची बोलीच धोक्याची वाटते," तो म्हणाला. "त्याचा बंदोबस्त थोडा सैल करा लागन."

"कर बाप्पा," अर्जुनराव म्हणाले. "पोरीवाले बसून राह्यले."

बंदोबस्त सैल झाला, मुले नव्या यंत्रात आली. पण त्यांचे परिचयपत्र जुन्या मराठी फाँटात होते आणि नव्याकडे तो फाँट नव्हता. बागायती, पगार, गोत्र या सर्वांच्या जागी कंस, टक्के आणि चांदण्या उमटल्या. फोटो आणि मोबाइल नंबर तेवढे शाबूत राहिले.

लोणारच्या शाळेत शिकवणारी प्रेरणा वडिलांसोबत आली होती. आजवरची सगळी स्थळे तिने कागद वाचूनच नाकारली होती.

"याच्यात काईच वाचता नाही येऊन राह्यलं," वडील गुलाबराव एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले. "पोराले शेती किती?"

"फोन करून इचारते," म्हणून ती ओट्यावर गेली.

मुलाचे नाव गोपाल, हे तिला फोनवरच कळले. बोलणे लांबले. विमलबाईंनी चहा दोनदा गरम केला. प्रेरणा हसत आत आली, तेव्हा शेतीचे विचारायचे राहून गेले होते.

वैशाखात लग्न झाले. अर्जुनरावांनी फाँट दुरुस्त करून घेण्यास नम्र नकार दिला असून मुलींची माहितीही आता जुन्या फाँटात भरली जाते. जुळण्याचे प्रमाण तिप्पट झाले आहे. (पूर्वी एक होते.)

प्रेरणा आणि गोपाल यांची आडनावे इथे दिलेली नाहीत. ज्या वाचकांनी ती एव्हाना शोधून पाहिली असतील, त्यांनी घाबरू नये. त्यांचे यंत्र ठणठणीत आहे. आवृत्ती तेवढी जुनी आहे.