पाचव्या घरातून आठव्या घरात

दातांच्या डॉक्टरांची करंगळी आखूड आहे, हे त्यांना ऐन पंचेचाळिशीत गिटारमुळे कळलं आणि त्यांचा तिळपापड झाला. याच करंगळीसकट त्यांनी आजवर शेकडो अक्कलदाढा उपटल्या होत्या. एकाही दाढेने तक्रार केली नव्हती.

गिटारचं खूळ डोक्यात शिरलं ते मेहुण्यामुळे. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती आणि समारंभात मेहुणा गाणार, हे ठरलेलंच होतं. घरात कुठलंही कार्य असो, तो तेच गाणं गायचा. शेवटच्या ओळीला उंच तान घ्यायचा आणि सासूबाई डोळे पुसायच्या. यंदा डॉक्टर बोलून गेले, की मध्ये मी गिटार वाजवीन.

"वाजवा की, भावोजी," मेहुणा म्हणाला. "मधल्या चार ओळी रिकाम्या सोडतो. लोकांना तेवढंच जरा पाय मोकळे करता येतील."

सासूबाईसुद्धा हसल्या. मेहुण्याचं हसणं डॉक्टरांनी एकवेळ गिळलं असतं, पण सासूबाईंचं हसणं त्यांना जिव्हारी लागलं. त्या चार ओळींत या माणसांना गप्प बसवायचंच, असा त्यांनी विडा उचलला.

शिकवणीच्या मास्तरांनी त्यांना ठिपक्यांची एक आकृती काढून दिली. सहा तारा, प्रत्येक तारेवर दोन ठिपके. एवढ्याच ठिपक्यांवर बोटं फिरवायची, मग वाटेल ते वाजवा, बेसूर होत नाही. गाण्याच्या पट्टीप्रमाणे सुरुवात गिटारच्या दांडीवर आखलेल्या पाचव्या घरापासून करायची. पण त्यासाठी करंगळी आठव्या घरापर्यंत ताणावी लागे, आणि ती जाता जात नसे. दुखेल, पण ताणा, असं मास्तर सांगायचे. पेशंटशी मी असा बोललो तर उद्या दवाखान्याला कुलूप लागेल, असं डॉक्टरांना वाटायचं.

एका संध्याकाळी चिडून त्यांनी हात वर सरकवला आणि ते थक्क झाले. वर घरं अरुंद होत गेलेली. आठव्या घरापासून तीच आकृती धरली, तर करंगळी मुकाट जागेवर बसत होती. आकृती कुठेही न्या, तशीच राहते, असं मास्तरच म्हणाले होते. जागा बदलली की पट्टी बदलते, हेही ते म्हणाले होते, पण तेव्हा डॉक्टर बोट चोळत होते. इतकी सोपी वाट लपवून ठेवणाऱ्या माणसाची शिकवणी त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद केली.

आठव्या घरापासूनची ती धून घरात एकट्याने वाजवताना झकास वाटायची. बायकोही बरी आहे म्हणाली. साथीबरोबर एकदा बसू या, असं डॉक्टरांनी मेहुण्याला सुचवलं, तर चार ओळींसाठी कसला आलाय सराव, म्हणून त्याने उडवून लावलं.

समारंभात की-बोर्डवाल्याच्या साथीवर गाणं छान सुरू झालं. मग चार ओळी आल्या, डॉक्टरांनी पहिला सूर लावला, आणि दुखऱ्या दाताला गार पाणी लागावं तसे सगळ्यांचे चेहरे झाले. डॉक्टरांचा पारा चढला. आपण तर एकही ठिपका सोडलेला नाही, म्हणजे की-बोर्डवालाच चुकतोय.

"नीट वाजवा," ते दातओठ खात पुटपुटले.

की-बोर्डवाला त्यांचा जुना पेशंट होता आणि त्याची एक दाढ अजून काढायची राहिली होती. त्याने झटकन एक बटण दाबून सगळी साथ डॉक्टरांच्या पट्टीत वर चढवली. सूर जुळले. डॉक्टरांनी डोळे मिटून वाजवलं, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि त्या गडबडीत बटण पूर्ववत करायचं राहून गेलं.

मेहुण्याने सवयीने साथीचा सूर धरला आणि पुढचं कडवं उचललं. तानेशी येईतो त्याचा चेहरा लालबुंद झाला, आणि तान निघाली ती फाटकीच. त्याने पुन्हा प्रयत्न केला, खोकला, आणि हात जोडून खाली उतरला.

"डॉक्टर, तुम्ही तीन घरं वर होतात," की-बोर्डवाल्याने नंतर त्यांना कोपऱ्यात गाठून सांगितलं. "म्हणून मी अख्खं गाणंच वर नेलं."

डॉक्टर त्याच्यावर, मास्तरांवर आणि आपल्या करंगळीवर एकदमच भडकले. पण माणूस सरळ होता. मेहुण्याला खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून ते त्याच्याकडे गेले. तो गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. डॉक्टरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई आल्या.

"जावईबापू, किती सुरात वाजवलंत हो," त्या म्हणाल्या. "याचं मात्र आता काही खरं नाही. रविवारी जरा तुमच्यापाशी बसवत जा ना याला."

"येईन मी, भावोजी," मेहुणा खाली मान घालून म्हणाला.

डॉक्टरांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. तिकडे की-बोर्डवाला वायर गुंडाळता गुंडाळता त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"ये," डॉक्टर करड्या आवाजात म्हणाले. "पण रोज सराव करायचा, सांगून ठेवतो."

आणि सूर कळत नसताना माणसं स्टेजवर चढतातच कशी, या विचाराने त्यांना खरोखरच संताप आला.