आता खुशाल चढा

मी रंगारी. लोकांच्या भिंती रंगवण्यात हयात गेली, पण घरच्या स्वयंपाकघराचं छत तेवढं राहून गेलं. बायकोने विषय काढला की माझं उत्तर ठरलेलं: "आणि पडलो तर? आपल्याला ना पगार, ना रजा. हात चालतोय तोवर तोंड चालतंय." (तुमचं तोंड तसंही चालतंच, असं तिचं मत.)

तर तिने काय करावं? गुपचूप जाऊन रोजंदारीवाल्यांच्या सरकारी विमा योजनेत माझं नाव घातलं, हप्ता भरला आणि कार्ड आणून माझ्या चहाच्या कपाला टेकवून ठेवलं.

"आता खुशाल चढा," म्हणाली.

मी गारच झालो. बायकोने नवऱ्याचा विमा काढावा आणि लगेच शिडी आणून द्यावी, हे काही मला शुभलक्षण वाटेना. पण चढलो. विम्याने अंगात बळ येतं हे मात्र खरं. एरवी मी चारदा उतरून शिडी सरकवणारा माणूस. त्या दिवशी एका पायावर उभा राहून थेट कोपऱ्यापर्यंत हात लांबवला. मग डबा, ब्रश आणि मी, तिघेही खाली. (डबा आधी पोचला. मी त्याच्यावर.)

पाय प्लास्टरमध्ये गेला. दीड महिना काम बंद, म्हणजे दीड महिना घरात दमडी येणार नाही. सगळी भिस्त त्या कार्डावर.

आणि चौकशीला आलेले साहेब म्हणतात, "कामावर असताना पडलात तरच भरपाई. हे तर तुमचं स्वतःचंच घर."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. (टेकत एकच पाय होता, तरी सरकली.) आता खायचं काय?

तेवढ्यात बायको हात पुसत बाहेर आली. "कामावरच होते ते. मी लावलं होतं कामाला."

"म्हणजे मालक तुम्ही?"

"घरात कोणालाही विचारा."

"मजुरी काय ठरली होती?"

"दोन वेळचं जेवण आणि चहा. लग्न झाल्यापासून एकदाही थकवलेली नाही."

इतकी वर्षं मी स्वतःला घरचा कर्ता पुरुष समजत होतो; आपण इथे कामाला आहोत, हे मला कोणी बोललंच नव्हतं. साहेबांनी हातातले कागद चाळले. मग म्हणाले, "बायकोने नवऱ्याला कामाला ठेवू नये, असं नियमात तरी कुठे नाही," आणि लिहायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. मनात आलं, बायको असावी तर अशी.

"आता शेवटचं," साहेब तिला म्हणाले. "कामगार कुशल की अकुशल? कुशल असेल तर भरपाई दुप्पट."

मी बसल्याबसल्या छाती पुढे काढली. बायको स्वयंपाकघराच्या दारात गेली, मान वर करून छताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "खोटं काही मला बोलवत नाही. अकुशल लिहा."