अर्ध्या आळीचे पाणी

सत्य बोलावे, एवढेच आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले. ते सत्य प्रथम कोठे प्रसिद्ध झाले, कोणी तपासले आणि त्यास तळटिपा किती, हे विचारावयाचे राहून गेले. परिणामी कित्येक शतके माणसे डोळ्यांनी पाहिलेले बेधडक सांगत आली आणि ऐकणारे त्यावर विश्वास ठेवीत आले. ही नैतिक अव्यवस्था बोईसरच्या ‘सत्यनिकष’ साप्ताहिकाने संपविली, याबद्दल त्याचे ऋण मानावे तेवढे थोडेच.

संपादक प्रफुल्लराव हे ‘वृत्तांकनात शैक्षणिक संशोधनाचा उपयोग’ या विषयावरील कार्यशाळेस जाऊन आले (भोजन उत्तम होते). परतताच त्यांनी कार्यालयाच्या दारावर पाटी लावली: ‘संशोधनाचा आधार नसलेली बातमी स्वीकारली जाणार नाही.’ पहिल्याच आठवड्यात सरावलीच्या रस्त्यावरील खड्ड्यांची बातमी परत गेली. कारण उपलब्ध अभ्यास डांबरी रस्त्यांविषयी होता आणि त्या रस्त्यावर डांबर उरले नव्हते. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र पूर्ववत छापल्या जात. त्यांचे सत्य स्वयंसिद्ध (व शुल्क आगाऊ भरलेले) असते.

अशा या तपोवनात एके दिवशी दांडी गावची लाडकी नावाची कोळीण मासळीची रिकामी टोपली घेऊन आली. टोपलीतून तिने एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आतील पाणी कोऱ्या चहाच्या तांबूस रंगाचे होते.

“दादा, आमचे आळीला एकच बाव हाय, तिचा पानी बघा. पोरा खाजवून खाजवून हैरान. तुमी छापा, म्हंजे टँकर येल.”

येथे स्थानिक शिष्टाचार सांगणे अगत्याचे आहे. आमच्याकडे तहान लागली म्हणून टँकर येत नाही. तहानेची बातमी छापून आली, की कात्रणाच्या पाठोपाठ येतो.

“पाणी तांबडे आहे याला आधार काय?” प्रफुल्लरावांनी विचारले.

“आधार? बाटली तुमचे समोर हाय ना!”

“हे निरीक्षण झाले. संशोधन नव्हे.”

“मंग एक घोट घ्या. झाला संशोधन.”

प्रफुल्लरावांनी घोट घेतला नाही. (पत्रकाराने तटस्थ राहावे, असा संकेत आहे.) त्यांनी कार्यशाळेत ओळख झालेल्या संशोधक डॉ. मनीष यांना पाचारण केले.

डॉक्टर आले, बावीत (म्हणजे विहिरीत) डोकावले आणि खिन्न झाले. नमुना अपुरा होता. शास्त्राला किमान तीस विहिरी हव्यात. परंतु उरलेल्या एकोणतीस खणण्याविषयी ग्रामस्थांत उत्साह आढळला नाही. तेव्हा त्यांनी दुसरी रीत सुचविली. आळीच्या एका ओळीने महिनाभर टँकरचे पाणी प्यावे, समोरच्या ओळीने बावीचेच. मग कोणाची मुले अधिक खाजवितात, ते मोजावे. ज्या कचेरीने तहानेसाठी टँकर नाकारला होता, तिनेच तो विज्ञानासाठी त्वरित मंजूर केला. नाणे उडविण्यात आले. टँकर लाडकीच्या ओळीला आणि बाव समोर राहणाऱ्या तिच्या शेजारणीच्या, नर्मदेच्या ओळीला, असा कौल लागला.

“नर्मदेचे नातीला ताप हाय, सायेब,” लाडकी म्हणाली.

“तीही नोंद घेऊ,” डॉक्टर ममतेने म्हणाले.

टँकर आला. डॉक्टरांची गाडी वळणाआड जाताच लाडकीने हाक दिली, “नर्मदे, हंडा आन गो!”

“अगो, आमी बाववाली ना? डाक्टर वरडल!”

“वरडू दे. पानी काय पोटात जाऊन नाव सांगतंय?”

महिनाअखेर डॉक्टरांनी दोन्ही ओळींतील खाज मोजली. ती समसमान, म्हणजे जवळजवळ नाहीशीच होती. निष्कर्ष उघड होता: टँकरचे पिणारे व बावीचे पिणारे यांच्यात फरक नाही, अर्थात बावीचे पाणी निर्दोष. ‘सत्यनिकष’ने मथळा दिला, कात्रण कचेरीत पोहोचले आणि टँकर बंद झाला. पुरावाधिष्ठित पत्रकारितेचा प्रशासनावर इतका शीघ्र परिणाम याआधी आमच्या पाहण्यात आलेला नाही.

आठवड्याभरात खाज परतली आणि लाडकीही.

“दादा, फरक दिसल कसा? पानी आमी वाटून पेलो!”

“हे आधी सांगायचे नाही का?”

“तुमी इचारला कुठं? तुमी निस्ती खाज इचारली.”

प्रफुल्लराव विचारात पडले. खुलासा छापण्यास आधार हवा; आधारासाठी नवा अभ्यास हवा.

लाडकीने विचारले, “अभ्यास म्हंजे परत टँकर?”

“अर्थात.”

“मंग करा सुरू. या येळेला नर्मदेचे ओळीला द्या. आमी तिचेकडं भरू.”

सध्या तिसरा अभ्यास चालू आहे. दुसऱ्याचा निष्कर्ष ‘अधिक संशोधनाची आवश्यकता’ असा निघाला तेव्हा आळीत नारळ फोडण्यात आला. दातिवरे गावाहून चौकशी आली आहे, की आमच्याकडेही काही अनिश्चित आढळेल काय. ती बाटली संपादकांच्या टेबलावर अद्याप तशीच आहे. तिच्याकडे पाहण्याची कोणास गरज उरलेली नाही.

सुज्ञ वाचकहो, हे वाचताना ‘याला आधार काय?’ असे आपल्याही मनात आलेच असेल. (बाटली टेबलावर आहेच; ‘एक घोट घेतो’ असे मात्र अद्याप कोणी म्हटलेले नाही.) डॉक्टरांच्या लेखणीला यश येवो, परंतु सावकाश. नर्मदेची नात खडखडीत राहो. आणि आपल्या घरच्या नळाला सदैव निर्मळ पाणी येवो. कधी तांबडे आलेच, तर समोरच्या ओळीत एखादी लाडकी असो.