तेरा शिखरांचा साहेब

सेतूअण्णा कुठलाही कागद हातात आला की आधी त्याचा उजवा खालचा कोपरा बघतात. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, देवळातल्या उत्सवाचं पत्रक असो, मजकूर नंतर. कोपऱ्यात हवं ते सापडलं नाही की चष्म्यावरून समोरच्याकडे बघतात आणि विचारतात, "कोण तपासलें?"

'कोणी तपासलं' असं तंजावरी मराठीत म्हणत नाहीत, निदान अण्णा तरी म्हणत नाहीत.

ते बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालवे, मोऱ्या, पाटाचे दरवाजे यांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. तिथे प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असत. एकीत काढणाऱ्याची सही, दुसरीत तपासणाऱ्याची. दुसरी रिकामी असेल तर कागद टेबलावरून हलत नसे. निवृत्त झाल्यावर अण्णांनी हा नियम सगळ्या तंजावूरला लावला.

राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीत एक लग्न होतं. पत्रिकेवर मंडपाचा नकाशा छापला होता आणि त्यात उत्तर दिशा खाली होती. अण्णांनी तो लाल शाईने दुरुस्त केला आणि ऐन मुहूर्ताला वधूपित्याच्या हातात ठेवला.

"अण्णा, आतां कशाला हें?" वधूपिता रडकुंडीला आला.

"वऱ्हाड ह्या नकाशानें निघालें तर नागपट्टणला पोचेल," अण्णा म्हणाले. "समुद्रांत."

मी पुण्यात एका दैनिकात नोकरी करून सात वर्षांपूर्वी गल्लीत परतलो. पेपरात काय करत होतास, असं अण्णांनी विचारलं. इतरांनी लिहिलेलं तपासत होतो, असं मी सांगितलं. अण्णांनी स्वतःची खुर्ची पुसली आणि मला दिली. "बस," ते म्हणाले. "तुला दुरै दाखवतों."

दुरै म्हणजे तमिळमध्ये साहेब. हा साहेब फरशीवर, फॅनखाली, चार घड्यांच्या जुन्या धोतरावर बसला होता. तारा कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. कोरड्या भागात एका कालव्याचं काम चालू असताना अण्णांना ते मातीच्या ढिगात सापडलं. तेव्हा ते लिंबाएवढं होतं. कंपासपेटीतली अवजारं खिशात भरून अण्णांनी त्याला पेटीतून घरी आणलं.

कासवाचं सौंदर्य ही अण्णांच्या मते मोजता येणारी गोष्ट आहे. पाठीवर तेरा घरं. प्रत्येक घराच्या मधोमध पिवळा ठिपका आणि त्यातून निघणाऱ्या रेघा. रेघ कडेपर्यंत न तुटता जायला हवी. शेजारच्या घराची रेघ तिला येऊन भेटायला हवी, म्हणजे दोघींची मिळून नवी चांदणी होते. पिवळा हळदीचा हवा, वाळल्या पेंढ्याचा नको. एवढं सांगून अण्णा थांबत आणि मग मुख्य मुद्द्यावर येत.

"आणि उंची," ते म्हणत. "बोट लावून बघ."

दुरैच्या पाठीवरचं प्रत्येक घर वर चढत गेलं होतं. पायऱ्यापायऱ्यांनी, टोकाला निमुळतं. तंजावूरच्या मोठ्या चोळकालीन देवळाचं शिखर लांबून दिसतं तसं.

"चोळ राजा एवढें मोठें राज्य असून एकच शिखर बांधला," अण्णा म्हणाले. "माझा दुरै बघ. तेरा. बसल्या जागीं."

तिरुवैयारूला वीणा शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याही परसात तारा कासव आहे हे कळल्यावर अण्णा मला आणि मोजपट्टीला घेऊन टाउन बसने तिकडे गेले. बाईंचं कासव नदीकाठच्या उन्हात गवत खात हिंडत होतं. पाठ जवळजवळ गुळगुळीत. अण्णांनी चार बाजूंनी मापं घेतली आणि पट्टी मिटली.

"काय देता ह्याला?"

"मी कुठलं देतेय, अण्णा? त्याचं तो चरतो. मुलांकडून वीणेवर वर्णमं घोटून घेण्यातून डोकं वर काढायला वेळ मिळाला तर ना."

परतताना बसमध्ये अण्णांनी मापांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "उपडी ठेवलेली वाटी. पोटाला नाही, मायेचें कोण नाही, काय वाढेल बिचारें?"

दुरैला मायेचं माणूस होतं. अण्णांनी लग्न केलं नाही. थोरली बहीण, अक्का, घर सांभाळायची. दुरै सापडला त्याच वर्षी अक्का गेली. तांदूळ मोजायचं तिचं पितळी माप दोन माणसांचं होतं आणि अण्णांनी ते बदललं नाही. "एका माणसाचा स्वयंपाक मला येत नाही," असं ते सांगत. दुपारी बाराला ते केळीची दोन पानं मांडत. दुसऱ्यावर भात, तुरीचं वरण, दहीभात, शुक्रवारी पायसम. पान फरशीवर टेकल्याचा आवाज आला की दुरै धोतरावरून उतरून यायचा. अण्णा पहिला घास त्याने घेतल्याशिवाय घेत नसत. कावळे टोचतील म्हणून त्याला उन्हात सोडत नसत. जेवण झालं की त्याच्या पाठीला खोबरेल तेल लावत.

दर पोंगलला ते त्याचा नकाशा काढत. वरून, बाजूने, समोरून, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत, प्रत्येक शिखराची उंची मिलिमीटरमध्ये. कोपऱ्यात दोन चौकटी. पहिलीत त्यांची सही. दुसरी रिकामी. तिच्यावर पेन्सिल टेकवून ते मला म्हणत, "सही कर."

"अण्णा, मला कासवातलं काय कळतंय?"

"मग बघून तर सांग."

मी बघून "सुंदर" म्हणायचो. सात वर्षांत सात वेळा म्हणालो. ते कागद गुंडाळून ठेवत.

यंदा दुरै पानापर्यंत यायला वेळ लावू लागला. मागचे पाय उचलायचे बंद झाले. पोट फरशीला घासत तो पुढच्या पायांनी स्वतःला ओढायचा. "साहेब ऑफिसला निघाला," अण्णा आधी म्हणायचे. मग म्हणेनासे झाले. एका सकाळी त्यांनी दुरैला टोपलीत ठेवलं, नकाशांची गुंडाळी काखेत मारली आणि मला रिक्षा बोलवायला सांगितलं.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या. बोलणं तमिळमध्ये झालं, अण्णांचंही. मी ते इथे मराठीत देतो आहे.

त्यांनी दुरैला उलटं करून शेपटी बघितली. "ही मादी आहे, सार."

"दुरै?"

"हो."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "नाव तेच लिहा. ती त्याच हाकेला येते."

"खायला काय देता?"

अण्णांनी यादी सांगितली. वरण सांगताना त्यांचा आवाज चढला. "एक दिवस उपाशी ठेवलं नाही."

"ऊन?"

"उन्हाचा त्रास कधीच होऊ दिला नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पाठ कधीपासून अशी आहे, असं विचारलं. हे बहुतेक पाळणाऱ्यांना नीट सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. अण्णांना येत होतं. त्यांनी गुंडाळी सोडली आणि एकोणीस कागद टेबलावर क्रमाने मांडले. डॉक्टर उभ्या राहून बघू लागल्या. असे नकाशे त्यांनी कधी पाहिले नसावेत. एकदा त्यांनी पट्टी मागितली. अण्णांनी खिशातून काढून दिली. अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा आनंद होता, हे मला नोंदवायला हवं. कोणीतरी पहिल्यांदाच मापं ताडून बघत होतं.

"इथे सुरू झालं," तिसऱ्या कागदावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाल्या. मग बोट पुढे गेलं. "इथे पाठीचं हाड वाकलं. आठव्यापर्यंत आणलं असतंत तर थांबवता आलं असतं."

"काय थांबवता आलं असतं?"

"ही शिखरं नाहीत, सार. हा आजार आहे. डाळभाताने कवच भराभर वाढतं आणि उन्हाशिवाय खालचं हाड तयार होत नाही. थोडा उंचवटा या जातीत असतो. एवढा नाही. पाठ उपड्या वाटीसारखी हवी."

अण्णांनी विचारलं, आता वाटी होईल का. नाही, डॉक्टर म्हणाल्या. चालायला लागेल का. नाही. गवत आणि ऊन मिळालं तर काही वर्षं जगेल. पण घरी नाही. हे कासव पाळणं गुन्हा आहे, वनखात्याच्या ताब्यात द्यावं लागेल. स्वतःहून आणून दिलंत असं मी लिहून देते, त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शेवटपर्यंत मऊ होता. त्याने काही सोपं झालं नाही.

वनखात्याच्या कार्यालयात एका कारकुनाने अर्ज भरला. 'तारा कासव, मादी, नग एक. कवच विकृत.' अण्णांनी तो वाचला. कोपऱ्यात तपासणी अधिकाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी देणाऱ्याच्या जागी सही केली आणि कागद परत दिला. काहीही विचारलं नाही.

टोपली आत नेताना दुरैने मान बाहेर काढली होती. बारा वाजायला आले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याकडे आले. एका हातात डबा, काखेत गुंडाळी आणि केळीची दोन पानं. डबा बाजूला ठेवून त्यांनी कागद माझ्या टेबलावर मांडले आणि पेन पुढे केलं.

"सही कर."

"अण्णा, आता कशाला?"

"तूं तपासणारा माणूस. कर."

मी पहिल्या कागदावर सही केली आणि त्या वर्षाची तारीख घालू लागलो. त्यांनी हात धरला.

"आजची घाल," ते म्हणाले. "तेव्हां कोण तपासलें?"

एकोणीस कागद झाले. अण्णांच्या एकोणीस वर्षांच्या सह्या एका चौकटीत, माझ्या एकोणीस सह्या दुसऱ्या चौकटीत, माझ्या तारखा सगळ्या एकच. अण्णांनी एकेक कोपरा बघितला, कागद गुंडाळले आणि सुतळी बांधली. मग फरशीवर बसून दोन पानं मांडली, एक त्यांचं, एक माझं. दोन्हींवर भात वाढला. वरणाची पळी माझ्या पानावर आली आणि तिथेच थांबली.

"तुला वरण चालतें ना?" त्यांनी विचारलं.